ट्रंकेच्या यादीत न आलेलं सामान

चेन्नईत एग्मोर स्टेशनच्या समोर गांधी-अर्विन रोड आहे. तिथून केन्नेट लेनकडे वळलं की भिंतींवर दर तीन-चार दिवसांनी नवी माणसं दिसतात. कागदी पोस्टर. मधोमध माणसाचा फोटो, दोन्ही बाजूंना पेटलेल्या समया, वर ठळक अक्षरात ‘कण्णीर अंजलि’, म्हणजे अश्रूंची ओंजळ. खाली दोन तारखा. पुष्कळदा त्यावर जन्म आणि मृत्यू असं लिहीतच नाहीत. ‘तोट्रम’ आणि ‘मरैवु’ लिहितात. प्रकट होणं आणि दृष्टीआड होणं. पोस्टिंगवर आल्यावर पहिल्या महिन्यातच ऑफिसच्या ड्रायव्हरकडून मी हे दोन शब्द शिकून घेतले. तमिळ अजून धड येत नाही, पण भिंतीवरचा माणूस किती वर्षं दिसत होता, एवढं मला आता वाचता येतं.

आपल्याकडेही चौकाचौकात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चे फ्लेक्स असतात. पुण्यातल्या काही फ्लेक्सवर गेलेल्या माणसापेक्षा शोकाकुल मंडळींचेच फोटो मोठे असतात आणि मेला नक्की कोण, हे शोधावं लागतं. इथली पोस्टरंही या रोगापासून पूर्ण मुक्त नाहीत. तरी इथं एक गोष्ट मला आवडते. हे पोस्टर साधा इस्त्रीवालाही लावतो, रिक्षा स्टँडही लावतो, गल्लीतला चहावालाही लावतो. गेलेला माणूस कुणाचा तरी ‘अप्पा’ होता, हे सगळ्या रस्त्याला कळलंच पाहिजे, असा आग्रह त्यात असतो.

आज लिहायचंय ते दुखवट्याबद्दल. फौजेतल्या बापाच्या दुखवट्याबद्दल. वाचकांत माजी सैनिक बरेच आहेत, म्हणून थोडं स्पष्टच बोलतो.

आमच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, तसा तुमचाही असेल. एनडीएचे कोर्समेट, पलटणीचे माजी अधिकारी, जेसीओ साहेबांचा वेगळा ग्रुप. वय वाढतं तशा या ग्रुपवर वाढदिवसांपेक्षा निधनाच्या बातम्या जास्त येऊ लागतात. कुणाचे वडील, कुणाचा जुना सीओ, कुणाचे सुभेदार साहेब. आणि खाली रांग लागते. ‘ॐ शांती.’ ‘ॐ शांती.’ हात जोडलेलं चित्र. ‘ॐ शांती.’ मग कुणीतरी चुकून त्यातच सकाळचा सुविचार टाकतो. मला त्या माणसांच्या भावनेबद्दल शंका नाही. पण गेलेल्याच्या घरच्यांनी हा सगळा ढीग उपसला, तर त्यांच्या हाती काय लागतं? काही नाही. तिथं दोनशे माणसं येऊन गेली आणि एकानंही त्यांच्या माणसाबद्दल एक वाक्य सांगितलं नाही.

नागरी घरात हे एक वेळ चालून जातं. बाप रोज संध्याकाळी घरी येणारा असतो. त्याचा राग, त्याचं घोरणं, त्याच्या चहातली साखर सगळं घरच्यांना पाठ असतं. सांत्वनाला येणाऱ्याकडून त्यांना नवीन काही नको असतं, सोबत हवी असते. फौजी घराचं गणित उलटं आहे. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस नैमित्तिक. तीही मिळाली तर, आणि एकसलग नाहीच. २८ वर्षं नोकरी केली आणि एकही दिवस न सोडता रजा घेतली, तरी घरी घालवलेले दिवस सात वर्षांच्या आत बसतात. शांततेच्या ठिकाणी फॅमिली क्वार्टर मिळालं तर त्यात थोडी भर. उरलेला माणूस कुठं असतो? पलटणीत असतो. आमच्याकडे असतो. वर्षातले नऊ महिने त्या मुलांचा बाप आम्ही वापरतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की फौजी घरातलं सांत्वन ही सभ्यतेची बाब नाही. तो हिशेब आहे. ते नऊ महिने त्या कुटुंबाची मालमत्ता आहे आणि ती आमच्या ताब्यात आहे.

मालमत्ता हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. नोकरीत असताना सैनिक गेला, तर त्याच्या खासगी सामानाची व्यवस्था लावायला आमच्याकडे ‘कमिटी ऑफ अ‍ॅडजस्टमेंट’ बसते. त्यासाठी १९५० चा कायदा आहे. कमिटीचे सदस्य त्याची ट्रंक उघडतात, एकेक वस्तू बाहेर काढतात आणि यादी करतात. घड्याळ एक. चष्मा एक. देवाचा फोटो एक. बँकेचं पासबुक. मोबाइल. अर्धवट वापरलेली दाढीची क्रीम यादीत घ्यायची की नाही, यावर दोन मोठी माणसं गंभीरपणे बोलताना मी पाहिली आहेत, आणि त्यात मला हसण्यासारखं काही वाटलं नाही. ती यादी चोख असते. सरकारी कामांपैकी मी पाहिलेलं हे सर्वांत हळुवारपणे केलेलं काम. पण त्या यादीत तो माणूस येत नाही. लंगरमध्ये तो काय बोलायचा, रात्रीच्या पहाऱ्यावर काय गुणगुणायचा, नव्या पोरांना कसा सांभाळायचा, कुणावर चिडायचा, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. ट्रंक घरी पोचते, हे सामान पलटणीतच राहतं आणि दोन-तीन वर्षांत बदल्या होऊन विखरून जातं.

हे सगळं डोक्यात घोळायला कारण घडलं. आमच्या पलटणीतले एक निवृत्त सुभेदार साहेब मध्यंतरी इथं, चेन्नईत वारले. चंदगड तालुक्यातले. मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा ते कंपनी हवालदार मेजर होते आणि मी नवा कंपनी कमांडर. मुलगी इथं सॉफ्टवेअरमध्ये आहे, एग्मोरलाच पॅन्थियन रोडच्या मागं भाड्यानं राहते. उपचारांसाठी तिनं आई-वडिलांना आणलं होतं. बापाच्या फोनमध्ये माझं नाव ‘कंपनी कमांडर साहेब’ असं होतं. मी ती कंपनी सोडून कितीतरी वर्षं झाली, हुद्दा बदलला, पण त्यांनी नाव बदललं नव्हतं. तिनं त्या नावाला फोन लावला.

पोचलो तेव्हा जिन्यात चपलांचा ढीग होता. शेजारच्या बायका मराठीचा एक शब्द येत नसताना वहिनींच्या भोवती बसल्या होत्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. रसम-भाताचे डबे आले होते. आपल्याकडे पिठलं-भात येतो, तसेच. आणि खाली फाटकाशी वॉचमननं पोस्टर चिकटवलंसुद्धा होतं. गणवेशातला फोटो त्यानं मुलीकडून मागून घेतला असणार. कण्णीर अंजलि. तोट्रम, मरैवु. नाव तमिळमध्ये लिहिताना थोडं वेगळंच झालं होतं. चंदगडच्या सुभेदाराला एळुंबूरच्या गल्लीनं आपल्या भिंतीवर घेतलं होतं. एळुंबूर हे एग्मोरचं तमिळ नाव.

आणखी एक. निघताना शेजारचे एक म्हातारे गृहस्थ काही न बोलता उठले आणि गेले. तमिळ माणूस एरवी निघताना ‘जाऊन येतो’ म्हणतो, नुसतं ‘जातो’ म्हणत नाही. आपणही ‘येतो’च म्हणतो. पण मयताच्या घरून निघताना दोघंही ते म्हणत नाहीत. हजार-बाराशे किलोमीटरवरच्या दोन भाषा आणि एकाच ठिकाणी गप्प होतात.

रात्री उशिरा, गर्दी ओसरल्यावर मुलीनं मला विचारलं, “सर, एक विचारू? बाबा तिकडं बोलायचे का?”

मला आधी प्रश्नच कळला नाही.

“घरात ते बोलायचेच नाहीत. सुट्टीवर आले की शेत, गोठा, नाहीतर झोप. रिटायर झाल्यावरसुद्धा तसंच. मला वाटायचं, यांना आमच्याशी बोलायला आवडत नाही. म्हणून विचारलं. तिकडं बोलायचे का?”

मंडळी, हा माणूस पलटणीत बोलायचा थांबत नसे. कुपवाड्यात बर्फानं पोस्टचा रस्ता बंद झाला की संध्याकाळी बंकरमध्ये त्याची बैठक असायची. नकला करायचा. ब्रिगेडियर साहेबांची नक्कल तो माझ्यासमोर करायचा नाही, पण मी बंकरच्या बाहेर उभा राहून ती ऐकली आहे आणि ती अप्रतिम होती. कंपनीतल्या प्रत्येक पोराच्या आईचं नाव त्याला पाठ होतं. पोरगं गप्प-गप्प दिसलं की विचारायचा, “काय रे, अमक्या-तमक्या बाईंना फोन केलास का या आठवड्यात?” आईचं नाव असं अनपेक्षित ऐकलं की पोरं विरघळायची. गस्तीवर निघताना माणसं तीनदा मोजायचा आणि परत आल्यावर चारदा. इंजेक्शनला घाबरायचा, आमच्या डॉक्टरपासून लपण्यासाठी त्यानं एकदा चक्क स्टोअरची मोजणी काढली होती. आणि त्याच्या नकाशाच्या पिशवीत, प्लास्टिकच्या आवरणात, मुलीनं पहिलीत की दुसरीत काढलेलं एक चित्र होतं. घर, डोंगर, आणि घरापेक्षा मोठी कोंबडी. नकाशा उघडला की ते दिसायचं. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, “साहेब, आमच्या गावचा नकाशा आहे.”

हे मी तिला सांगितलं. कोंबडीचं सांगितल्यावर ती उठून आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

या मुलीनं तीस वर्षं असं धरून ठेवलं होतं की आपला बाप अबोल आहे आणि आपल्याशी बोलायला त्याला आवडत नाही. तिच्या जवळची माहिती खोटी नव्हती, अपुरी होती. उरलेली माहिती आम्हा साठ-सत्तर जणांकडे होती आणि ती कुणाच्याही उपयोगाची नव्हती. हा माणूस म्हातारपणी, आजारानं, अंथरुणावर गेला. तो युद्धात गेला असता तर कदाचित कुणी पत्रकार आला असता, कुणी विचारलं असतं. निवृत्त सुभेदाराच्या मागे पेन्शनच्या पोर्टलवर मृत्यूची नोंद करायची असते, फॅमिली पेन्शनसाठी बँकेत आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कागद द्यायचे असतात. तो कसा होता, हे विचारणारा एकही फॉर्म नाही.

आता कुणी म्हणेल, शहिदांच्या घरी तरी हे नीट होतं. होतं का? माझा अनुभव संमिश्र आहे. तिथं दुसराच धोका असतो. माणूस इतका मोठा होतो की बाप उरतच नाही.

एग्मोरहून लोकल पकडली की तांबरमच्या वाटेवर सेंट थॉमस माउंट लागतं. तिथं ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी आहे. १९६३ पासून तिथं अधिकारी घडतात, १९९२ पासून मुलीही. तांबरमला मद्रास ख्रिश्चन कॉलेज आहे. मेजर मुकुंद वरदराजन याच शहरातले, त्याच कॉलेजात शिकलेले आणि ओटीएमधूनच २००६ मध्ये राजपूत रेजिमेंटमध्ये गेलेले. २५ एप्रिल २०१४ ला शोपियाँ जिल्ह्यात ४४ राष्ट्रीय रायफल्सकडून लढताना ते गेले. २६ जानेवारी २०१५ ला राष्ट्रपती प्रणब मुखर्जींच्या हस्ते त्यांच्या पत्नीनं अशोकचक्र स्वीकारलं. त्यांच्यावरचा ‘अमरन’ चित्रपट ३१ ऑक्टोबर २०२४ ला, ऐन दिवाळीत आला. मी तो एग्मोरमधल्याच एका चित्रपटगृहात पाहिला. शेजारी एक कुटुंब होतं, पॉपकॉर्न वगैरे घेऊन आलेलं. मध्यंतरानंतर कुणी पॉपकॉर्नला हात लावला नाही. चित्रपटातल्या चकमकी मला ठीक वाटल्या; आमच्या धंद्यातला माणूस त्यात चुका काढणारच. पण तो चित्रपट लोकांना भिडला तो चकमकींमुळे नाही. त्यात फोनवर बोलणारा बाप दिसतो, म्हणून.

आपल्याकडचं उदाहरण कर्नल संतोष महाडिक यांचं. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे, सातारच्या सैनिक शाळेचे विद्यार्थी, २१ पॅरा स्पेशल फोर्सेसचे अधिकारी. १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्याच्या जंगलात ४१ राष्ट्रीय रायफल्सचं नेतृत्व करताना ते पडले. गावी अंत्यसंस्काराला संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर आले होते. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी पुढं वयाच्या अटीत सवलत मिळवून याच ओटीएमध्ये प्रशिक्षण घेतलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. दोन लहान मुलांची आई, विशी-पंचविशीतल्या मुलींबरोबर चेन्नईच्या उकाड्यात पाठीवर वजन घेऊन धावली. तीन वर्षांनी, नोव्हेंबर २०२० मध्ये, मीरा रोडच्या मेजर कौस्तुभ राणे यांच्या पत्नी कनिका राणे त्याच मैदानावरून बाहेर पडल्या. कौस्तुभ ऑगस्ट २०१८ मध्ये गुरेझ सेक्टरमध्ये गेले, तेव्हा मुलगा अगदी लहान होता.

या दोघींबद्दल वर्तमानपत्रात पुष्कळ आलं. बहुतेक मथळ्यांत ‘पतीचं स्वप्न’ वगैरे होतं. मला त्यात वेगळीच गोष्ट दिसते आणि ती पूर्णपणे माझी समजूत आहे, त्यांच्या तोंडची नाही. आईनं तोच गणवेश घातला की मुलांना बापाच्या नऊ महिन्यांचा थोडासा भाग घरातच पाहायला मिळतो. बूट पॉलिश करताना कसला वास येतो. पहाटे साडेचारला उठलेलं माणूस कसं दिसतं. मेसमध्ये कोण कुणाला काय हाक मारतं. आम्ही जे पोचवायला हवं होतं, ते आणायला त्या आई स्वतः निघाल्या. प्रत्येक घराला हे जमणार नाही आणि जमावं अशी अपेक्षाही करू नये.

पुतळे, चौकांची नावं, शाळेतल्या तसबिरी याला माझा विरोध नाही. पण दहा वर्षांच्या मुलाला पुतळ्याशी भांडता येत नाही. आणि बापाशी भांडता आलं पाहिजे. म्हणून अंत्यसंस्काराच्या वेळी मुलाच्या पाठीवर हात ठेवून ‘रडू नकोस, तू शूराचा मुलगा आहेस’ म्हणणाऱ्या लोकांचा मला राग येतो. ‘आता तूच घरातला कर्ता’ हे त्याहून वाईट. चौथीतल्या पोराला कर्ता करताय? त्याचं आज फक्त एकच काम आहे, रडणं, आणि तेही तुम्ही काढून घेताय. त्याला सांगायचंच असेल तर सांगा की तुझा बाप व्हॉलीबॉल वाईट खेळायचा पण हट्टानं खेळायचा. सांगा की तुझं प्रगतिपुस्तक त्यानं सगळ्या सेक्शनला दाखवलं होतं. हे वाक्य तो चाळीस वर्षं जपेल.

पूर्वी तार यायची. ‘कळवण्यास अत्यंत खेद होतो’ या साच्याची. तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आता फोन येतो, मग जवळच्या युनिटमधून कुणीतरी दारात जाऊन उभं राहतं, आणि ते तारेपेक्षा शतपटीनं चांगलं आहे. त्यानंतर सीओंचं पत्र येतं. या पत्राबद्दल माझं ठाम मत आहे. ते हातानं लिहिलेलं असावं, घरच्यांच्या भाषेत असावं, आणि त्यातलं निम्मं तरी दुसऱ्या कुणालाही लागू पडणार नाही असं असावं. नाव बदललं तर पत्र चालेल का, हे तपासून पाहा. चालत असेल तर ते पत्र नव्हे, परिपत्रक. ‘अत्यंत शिस्तप्रिय, कर्तव्यदक्ष व मनमिळाऊ’ हे तीन शब्द तर बंदच करावेत. मेलेला प्रत्येक माणूस मनमिळाऊ असतो.

सीओला सगळं माहीत नसतं, हे मान्य. आठशे माणसांची पलटण. म्हणून मी तर म्हणतो, कमिटी ऑफ अ‍ॅडजस्टमेंटबरोबरच एक वही फिरवावी. त्याच्या सेक्शनमध्ये, लंगरमध्ये, न्हाव्याकडे, मोटर ट्रान्सपोर्टच्या गॅरेजमध्ये. ज्याला जे आठवतं ते त्यानं लिहावं, शुद्धलेखनाची पर्वा न करता. न्हावी जे सांगेल ते अ‍ॅडज्युटंटला कधीच कळलेलं नसतं. वही ट्रंकेत वर ठेवावी. यादीत एक ओळ वाढेल: वही, एक.

दुखवटा दगडात कोरणारा एक मराठी माणूस याच भागात वाढला, हे इथं आल्यावर मला कळलं. तंजावरचे सरफोजी राजे, दुसरे. तुळजाराजांनी १७८७ मध्ये मरताना या दत्तक मुलाची काळजी श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याकडे सोपवली. गादीच्या भांडणात मुलाच्या जिवाला धोका आहे असं दिसल्यावर १७९३ मध्ये सरफोजींना मद्रासला हलवलं गेलं. तिथं त्यांना शिकवणारे गेरिके हे वेपरीच्या मिशनचे. वेपरी म्हणजे एग्मोरच्या शेजारची वस्ती, मधे फारतर एक सिग्नल. फेब्रुवारी १७९८ मध्ये श्वार्ट्झ गेले. त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले.

या माणसाच्या आठवणीसाठी ईस्ट इंडिया कंपनीनंही संगमरवरी स्मारक केलं. ते सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या सेंट मेरी चर्चमध्ये आहे. मोठं आहे, रीतसर आहे. सरफोजींनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून वेगळं करून घेतलं, ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे. एग्मोरहून रात्रीच्या गाडीनं गेलो आणि पाहून आलो. शिल्पात काय आहे? म्हातारा अंथरुणावर आहे, आणि राजा, पगडी घातलेला मराठा राजा, त्याचा हात हातात घेऊन उभा आहे. पराक्रम नाही, देवदूतांचे थवे नाहीत. भेटायला आलेला मुलगा. थडग्यावरच्या इंग्रजी ओळीही सरफोजींच्याच समजल्या जातात, आणि त्यात ते त्या परक्या धर्माच्या परक्या माणसाला सरळ वडील म्हणतात आणि खाली आपलं नाव घालतात. ज्या राजानं बृहदीश्वराच्या भिंतींवर १८०३ मध्ये भोसल्यांचा अख्खा इतिहास मराठीत कोरून घेतला, त्याला भव्य भाषा येत नव्हती असं कोण म्हणेल? इथं त्यानं ती वापरली नाही.

सेंट थॉमस माउंटपासून थोड्या अंतरावर, नंदंबाक्कमला, मद्रास वॉर सेमेटरी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या ८५० हून अधिक सैनिकांच्या कबरी. सगळ्या शिळा सारख्या: नंबर, हुद्दा, नाव, रेजिमेंट, तारीख. फक्त तळाशी एक-दोन ओळींची जागा कुटुंबासाठी सोडलेली, तिथं घरच्यांनी कळवलेले शब्द. मी तिथं पुष्कळदा सकाळी चालायला जातो. नंबर-हुद्दा वाचताना पाय थांबत नाहीत. ‘डॅडी’ हा शब्द दिसला की थांबतात.

सुभेदार साहेबांच्या अस्थी मुलीनं आणि गावाहून आलेल्या मुलानं रामेश्वरला नेल्या. जाण्याआधी वहिनी मला म्हणाल्या, “साहेब, ते तुम्ही पोरीला सांगितलासा ते जरा कागदावर द्या. मला वाचायला न्हाई येत, पर थोरली नात शिकतीया.” मी पाच पानं लिहिली. मग वाटलं, माझ्याकडे त्यांची फक्त तीन वर्षं आहेत. म्हणून जुन्या कंपनीतल्या, फोन नंबर सापडलेल्या प्रत्येकाला सांगितलं की बाबांनो, ‘ॐ शांती’ नको, एक किस्सा पाठवा, बोलून पाठवला तरी चालेल.

आजपर्यंत ३१ आलेत. काही अगदी अर्ध्या मिनिटाचे, मागं ट्रॅक्टरचा आवाज. शिराळ्याच्या एका नाईकानं सांगितलं की पहिल्या पगारातून आईला लुगडं घ्यायचं की मोबाइल, यावर साहेबांनी त्याच्याशी एक तास चर्चा केली होती. आमच्या जुन्या स्वयंपाक्यानं सांगितलं की गणपतीच्या शिऱ्यासाठी ते महिनाभर बिनसाखरेचा चहा प्यायचे आणि वाचलेली साखर स्वतः मोजून त्याच्या हाती द्यायचे. एक जण नुसता ब्रिगेडियर साहेबांची नक्कल करून थांबलाय, साहेब करायचे तशी. ती मुलीकडे पाठवायची की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. पाठवली. तिचं उत्तर आलं: ‘हा आवाज आमच्या घरात कुणी ऐकला नव्हता. अजून असतील तर पाठवा.’